बर्फखोलीतलं गाऱ्हाणं

“माझ्या भावाचो आवाज बंद करा म्हणान सांगणारी तू कोण गो?”

“मी कोणच नाय, आत्ये. पण आज ती सीडी लावची नाय.”

“कित्याक?”

“कित्याक ता तुका ठावक आसा.”

उर्वशीने हे माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. बावीस वर्षांची पोर, बोटांना खडू लागलेला, आणि माझ्यापुढे उभी. मला राग आला आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. माझ्या तोंडावर बोलणारं माणूस आमच्या वाडीत फार वर्षांत जन्मलं नव्हतं.

दोन हजार पाचचा मे महिना. सकाळचे साडेअकरा. बर्फाच्या जुन्या कारखान्याच्या पडवीत आम्ही चौघं होतो. किल्ली माझ्या कमरेला होती, म्हणजे भांडण मिटल्याशिवाय कोणी आत जाणार नव्हतं.

माझं नाव सुगंधा आणि जन्मभर धंदा मासळीचा. हसून घ्या, सगळेच हसतात. शाळेची पायरी मी चढले नाही. मासळी बांधायच्या रद्दीवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, आणि आज वाडीतल्या कोणाचाही अर्ज मी लिहून देते. देवचार, भुतं, झपाटणं यांतलं मी काही मानत नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, म्हातारी भ्रमली.

कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती. पंचायतीने तो वाडीतल्या पोरांना कलाघर करायला दिला. नाटकाच्या तालमी, चित्रांचं प्रदर्शन, असलं काहीबाही तिथे चालायचं. माझं घर समोरच, म्हणून किल्ली माझ्याकडे. त्यात लाद्या ठेवायची एक मोठी खोली आहे, तिला सगळे अजून बर्फखोलीच म्हणतात. हातभर जाड भिंती, आत भाताचा तूस ठासलेला. खिडकी एकही नाही. दार चार बोटं जाडीचं, आतून उघडायला लोखंडी दांडा. ते दार लागलं की समुद्रही ऐकू येत नाही, आणि आमच्या वाडीत समुद्र ऐकू न येणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

ही खोली निकेतच्या डोळ्यांत भरली. निकेत म्हणजे शाळामास्तरांचा मुलगा. पुण्याला सिनेमाचा कसलासा अभ्यास करून आला होता, नोकरी नाही, दाढी मात्र आली होती. त्याने आणि उर्वशीने मिळून ठरवलं, सात दिवस सात सिनेमे दाखवायचे, सगळे दर्याचे. कुठले घ्यायचे यावर महिनाभर दोघं भांडत होती. होड्या येऊन मासळी विकली गेली की दुपारी बाराला खेळ, कारण तीनला वाडीची वीज जायची. बंद पडलेल्या एका टॉकीजच्या खुर्च्या टेम्पो भरून आणल्या. लाकडी, बसताना कर्र करून खाली होणाऱ्या आणि माणूस उठलं की टप्पकन आपोआप वर मिटणाऱ्या. प्रोजेक्टर आणि वायरी स्वरूपकडे. माणसं यायची, शेंगदाणे खायची, आणि पडद्यावरच्या कोळ्याला शिव्या घालायची, “अरे मेल्या, उलट्या हातान जाळा टाकतंस? तुझो बापूस टाकी होतो काय तसा?”

पण आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. नाटक असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो, नारळ हातात घेऊन एक जाणता पुरुष देवाला मोठ्याने सांगणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कोणी शिकवावं लागत नाही. शिंक यावी तसं ते तोंडातून निघतं. गाऱ्हाणं घालणारे गावकार नेमके त्या आठवड्यात कंबर धरून पडले होते. तेव्हा निकेतला सुचलं, दोन वर्षांपूर्वीच्या नारळी पुनवेला त्याने कॅमेऱ्यावर घेतलेलं परशुरामचं गाऱ्हाणं आहे, तेच रोज आधी पडद्यावर लावू. गाऱ्हाणं सीडीवरून घालायचं, ही अक्कल त्याची. तिला मान डोलवली, ती अक्कल माझी.

परशुराम माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता, माझ्या काखेत वाढला. तांडेल झाला, स्वतःची होडी केली. त्या पुनवेनंतर अकराव्या दिवशी होडी गेली ती गेली. एक फळी मिळाली, माणूस एकही मिळाला नाही. होडीवर सात जण जायचे, गेले सहा. परशा, लवू, बाबली, शिवा आणि काशीरामाचे दोघे झील, म्हणजे उर्वशीचे सख्खे भाऊ. सातवा स्वरूप. तो त्या दिवशी निकेतबरोबर फोंडाघाटातून वर कोल्हापूरला सिनेमा बघायला गेला होता, म्हणून वाचला. मी त्या पोराशी दोन वर्षं सरळ तोंडाने बोलले नव्हते.

बाकीच्यांनी आपल्या माणसांचे दर्भाचे पुतळे करून जाळले, दिवस घातले. मी घातले नाहीत. ज्याचं प्रेत बघितलं नाही तो मेला हे मला कोणी शिकवू नये, असं मी भटालाच सांगितलं होतं. कलाघराच्या फळ्यावर उर्वशीने पहिल्या दिवशी ‘कै. परशुराम यांचे गाऱ्हाणे’ असं लिहिलं, तेव्हा मी अंगठ्याला थुंकी लावून ‘कै.’ पुसून टाकलं.

तर हे भांडण तिथून आलेलं.

“पडद्यार माझे पण दोन भाव उभे आसत,” उर्वशी म्हणाली. “माका बघूक नको झाले काय? पण तू तेका बघ, आत्ये. जित्या माणसाक बघ.”

तिने स्वरूपकडे बोट केलं. तो पायरीवर बसून वायर गुंडाळत होता.

मी बघितलेलं होतं. खेळ सुरू झाल्यापासून चारही दिवस बघितलं होतं. सीडीवर परशा खलाशांची नावं घेतो. स्वरूपचं नाव शेवटी येतं. आणि सगळी माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गप्प झाली, की मागून प्रोजेक्टरजवळून एकट्या स्वरूपचा ‘व्हय म्हाराजा’ यायचा. उशिराने, झोपेतून आल्यासारखा. विचारलं तर म्हणायचा, मी कुठे काय म्हटलं? तिसऱ्या दिवशी त्याचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. चौथ्या दिवशी तो प्रोजेक्टर सोडून पडद्याकडे चालायला लागला, तेव्हा उर्वशीने त्याचा शर्ट धरून ओढला.

“उकाड्यान होता तसा,” मी म्हटलं.

“बर्फखोलीत उकाडो?” ती म्हणाली. “तू शिकलेली बाय मां, आत्ये? सगळ्यांचे अर्ज लिवतंस. मग ह्या वाचूक येणा नाय तुका?”

“शिरा पडो तुझ्या तोंडार! माझ्या भावाचो तेवढोच आवाज रवलो आसा. चार मिनटां. तो पण काढून घेतलंस तर माझ्याकडे काय रवता?”

निकेत मध्ये पडला. “आत्ये, आजपासून लोकांना नको दाखवूया. सीडी मी तुम्हालाच देतो.”

“माझ्या घरात काय चुलीर लावू ती? माका आता ऐकूची आसा. एकदा. मग तुमच्या मनासारख्या करा.”

मग स्वरूपच उठला. “लावया,” तो हळूच म्हणाला. “आत्येक ऐकांदेत.”

उर्वशीने त्याच्याकडे असं बघितलं, की मला कळायला हवं होतं. मला फक्त जिंकल्याचं कळलं. मी किल्ली काढली.

आत गेलो. अमोनियाचा जुना वास त्या भिंतींतून कधी गेलाच नाही, नाकात सुईसारखा शिरतो. त्यामागे ओल्या तुसाचा वास. स्वरूप मागे टेबलापाशी गेला, उर्वशी त्याला चिकटून उभी राहिली. निकेतने उजेड येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. मी पहिल्या रांगेत बसले, रोजच्या खुर्चीवर.

पडदा उजळला. किनारा, होडीला झेंडूच्या माळा, परशा नारळ घेऊन उभा. नवीन बनियन, तेही उलटं घातलेलं. दर दिवशी मला तिथे हसू यायचं.

“बा दर्याच्या राजा, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” त्याच्या मागचे खलाशी म्हणाले.

“आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“जशी घरातसून इली, तशी घराक पोचव, म्हाराजा…”

तेव्हा मला दिसलं. खलाशांत डावीकडून तिसरा स्वरूप असायचा, लाल शर्टात. आज लाल शर्ट नव्हता. तिथे नुसती वाळू दिसत होती आणि त्यामागे पाणी. बाजूचे दोघे जरा सरकून उभे होते, येणाऱ्यासाठी जागा धरावी तसे.

“निकेत,” मी विचारलं, “दुसरी सीडी लावलंस काय रे?”

“नाही, आत्ये… एकच आहे.”

त्याचा आवाज नीट नव्हता. म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

आणि वीज गेली.

पडदा विझला. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत मंद झाला, थांबला. त्या खोलीतला काळोख तुम्हाला सांगून कळणार नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोट लावून बघावं लागतं.

“दार उघड रे,” मी म्हटलं.

निकेतची पावलं दाराकडे गेली. दांडा खडखडला. आणि त्या खडखडाटातून, समोरून, पडदा होता तिथून…

“बा दर्याच्या राजा, म्हाराजा…”

स्पीकरमधून येतो तसा आवाज नव्हता तो. स्पीकरमध्ये परशाचा आवाज पत्र्यासारखा वाजायचा. हा छातीतून येत होता. वाक्य संपल्यावर तो श्वास घेत होता, आणि त्या श्वासात पाणी होतं.

माझ्या मागच्या रांगेत एक खुर्ची कर्र करून खाली झाली.

मग दुसरी. तिसरी. घाईने नाही. दमून आलेली माणसं बसतात तशी, एकेक करून. चौथी… पाचवी…

“व्हय म्हाराजा,” मागून पाच जण म्हणाले.

अमोनियाचा वास गेला होता. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वास येत होता, डिझेलचा, कुजलेल्या जाळ्याचा. आणि गारवा. अकरा वर्षं बर्फ न बघितलेल्या खोलीतून बर्फाचा गारवा माझ्या पायांवर चढत होता.

“निकेत, दार!”

“दांडा फिरत नाही… आत्ये, दोन्ही हातांनी… फिरत नाही…” तो दारावर धडका देत होता. तुसाच्या भिंतीत धडक कुठे जाते! बाहेर दहा पावलांवर माणसं खेळासाठी जमत होती. त्यांना एक टिचकीही ऐकू गेली नसेल.

“सहा जणां तुझ्याकडे पोचली, म्हाराजा…”

हे सीडीवर नव्हतं. चार दिवस चार वेळा ऐकलेली चार मिनिटं मला पाठ होती. त्यात हे नव्हतं.

“व्हय म्हाराजा.”

“एक मागे रवलो, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“तो आज हय इलो आसा, म्हाराजा…”

आणि माझ्या कोपराला लागून असलेली खुर्ची कर्र करून खाली झाली.

तिच्यावर कोणी बसलं नाही. मी हात घालून बघितलं, हो, घातला मी हात. लाकूड गार होतं, रिकामं होतं, आणि खालून कोणी ओढून धरल्यासारखं घट्ट होतं. ती कोणी बसण्याची वाट बघत होती.

मागे झटापट सुरू झाली. टेबल सरकलं.

“स्वरूप… स्वरूप, नको… निकेत, धर हेका!” उर्वशी कुजबुजत होती, पण ती कुजबुज किंकाळीपेक्षा वाईट होती. “आत्ये, तो चलता… माझ्या हातात रवणा नाय…”

“तेच्या तोंडार हात ठेव!” मी म्हटलं. “तेका म्हणूक देऊ नको!”

“ठेवलंय… चावता तो माका…”

“आमचो स्वरूप, म्हाराजा,” परशा म्हणाला. किती मायेने म्हणाला! होडीवरच्या पोरांना तो असाच हाक मारायचा. “तेका सांभाळून घेवन जा, म्हाराजा…”

पाच जणांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मग ते थांबले. परशाही थांबला. सगळी खोली सहाव्या आवाजासाठी थांबून राहिली. उर्वशीच्या हाताखाली स्वरूपचा घसा घरघरत होता. शब्द वर येत होता. त्या दोघांची पावलं फरशीवर ओढली जात जवळ येत होती, माझ्या शेजारच्या खुर्चीकडे, आणि ती पावलं पाण्यातून चालल्यासारखी वाजत होती.

“आत्ये,” उर्वशी म्हणाली. “तू सांग तुझ्या भावाक.”

“काय सांगू?”

“तुका ठावक आसा काय ता.”

“मी नाय सांगूचंय.”

“मी माझ्या भावांक सांगलंय. स्वतः दर्यार जावन सांगलंय. ते तुझ्या भावाच्या मागे कित्याक इले? तांडेल थांबलो तर खलाशी खंय जातले? तू तेका धरून ठेवलंस, आत्ये… दोन वर्सां धरून ठेवलंस…”

“गप ऱ्हव!”

“माझे दोन गेले. ह्यो पण देऊ तुका? तुझ्या चार मिनटांसाठी?”

मी तिला काय काय बोलले त्या काळोखात! कालची चेडू, माका शिकवतंस. परशा माझ्या काखेत वाढलो, तुझ्या नाय. मी हेका हाकलूचंय नाय. मेलंय तरी हाकलूचंय नाय. ती रडत नव्हती. एकेक पाऊल मागे खेचत एवढंच म्हणत होती, “सांग, आत्ये. सांग.”

आणि समोरून परशाने पुन्हा तेच वाक्य सुरू केलं. “आमचो स्वरूप, म्हाराजा…” पण या वेळी शेवट गाऱ्हाण्याचा नव्हता. शेवटी तो माझ्याकडे वळून बोलला. लहानपणी ताटात मासा वाढायचा राहिला की बोलायचा, तसा. “बाये… एक कमी आसा गो…”

तेव्हा मी उठले.

मी काय म्हटलं ते लिहायला मला वेळ लागतो आहे. आधी नंतरचं सांगते.

मी ते म्हटल्यावर खोलीत काहीच हललं नाही. मग एकच ‘व्हय म्हाराजा’ आला, आणि तो समोरून आला. आयुष्यभर ज्याने गाऱ्हाणं घातलं, त्याने पहिल्यांदा उत्तर दिलं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या टप्प टप्प वर मिटल्या. मी मोजल्या, पाच. दांडा निकेतच्या हातात असा फिरला, की तो दारासकट उन्हात जाऊन पडला. बाहेरची माणसं हसली. कोणी म्हणालं, “काय रे, सिनेमा एवढो वायट?” वाडीत वीज गेलीच नव्हती, समोर पिठाची गिरण चालू होती.

स्वरूप आता आंबोलीला मामाच्या टपरीवर चहा करतो. तिथून समुद्र दिसत नाही. उर्वशी महिन्यातून एकदा एसटीने जाते, परत येते ती गप्प असते. मी तिला विचारत नाही. परशाचा दर्भाचा पुतळा मी त्याच आठवड्यात केला, आणि भटाने नाव विचारल्यावर ‘कै.’ लावून मीच लिहून दिलं. सीडी निकेतने खाडीत टाकली. उरलेले सिनेमे पोरांनी शाळेच्या सभागृहात दाखवले. बर्फखोलीत आता कोणी बसत नाही.

खुर्च्या मात्र तिथेच आहेत. सगळ्या वर मिटलेल्या, पहिल्या रांगेतली एक सोडून. माझ्या शेजारची ती खालीच आहे. निकेतने स्प्रिंग बदलली, सुताराने बिजागरी काढून पुन्हा बसवली. दोघांनी मिळून वर उचलून बघितली. सोडली की ती कर्र करून खाली येते, आणि खालीच राहते.

त्या दिवशी मी उठले तेव्हा गुडघ्यांपर्यंत गारठले होते. समोर काही दिसत नव्हतं. हात पुढे केला असता तर लागलाच असता तो. मी हात केला नाही. तो भिऊ नये म्हणून, लहान असताना ताप आला की बोलायचे तेवढ्याच आवाजात मी त्याला सांगितलं:

“परशा, तू मेलंस रे.”